मॉरिशस : ऊस हटला, अन्न मात्र जहाजानेच

भारत सरकारने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांमध्ये शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले आणि रास्ता रोको केले. या असंतोषाची बातमी देशभर पोहोचली. त्याच निर्णयाचा आणखी एक परिणाम मात्र फारसा चर्चिला गेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने बंदी कायम ठेवून चार देशांना मर्यादित प्रमाणात कांदा पाठवण्यास परवानगी दिली. त्यात बांगलादेशच्या वाट्याला ५० हजार टन आले आणि हिंदी महासागरातील मॉरिशस या छोट्या बेटराष्ट्राच्या वाट्याला १,२०० टन.

हंगामात लासलगावच्या एका बाजार समितीत एका दिवसात येणाऱ्या कांद्यात हे १,२०० टन सहज सामावतील. मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या थोडी वर आहे. म्हणजे दर माणशी एक किलोही कांदा नाही. तरीही एवढ्या मालासाठी सरकारी पातळीवर विनंती, मग निर्णय, मग ठरवून दिलेल्या संस्थेमार्फत खरेदी आणि शेवटी जहाज, असा सारा प्रवास करावा लागला. मॉरिशसमध्ये कांदा पिकत नाही असे नाही. तो थोडाफार पिकतो आणि उरलेला बाहेरून येतो. परंतु हे ‘उरलेले’ किती आहे आणि ते गेल्या काही दशकांत कमी का झाले नाही, हा प्रश्न त्या देशाच्या अन्नकारणाच्या मुळाशी जातो.

मॉरिशसचे एकूण क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या निम्म्याहून किंचित अधिक आहे. देशाला लागणाऱ्या अन्नापैकी सुमारे तीन चतुर्थांश अन्न आयात होते. तांदूळ आणि गहू तर जवळजवळ संपूर्णपणे बाहेरून येतात. सर्वसामान्यांच्या रोजच्या जेवणातील स्वस्त तांदूळ स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही सरकारी संस्था परदेशातून विकत घेते आणि अनुदानित दराने विकते. तेथील क्रिओल बोलीत आजही त्याला रेशनचा तांदूळ असेच म्हणतात. गहू जहाजाने येतो आणि पोर्ट लुईच्या बंदरातील गिरणीत दळला जातो.

मॉरिशसचा राष्ट्रीय पदार्थ कोणता असे विचारले तर बहुतेक जण दालपुरीचे नाव घेतील. गिरमिटिया मजुरांबरोबर भारतातून गेलेला हा पदार्थ आज तेथे धर्म आणि वंश यांच्या पलीकडे जाऊन रस्त्यावरच्या गाड्यांवर खाल्ला जातो. त्यातील पीठ परदेशी गव्हाचे, आतील डाळ आयात केलेली, तव्यावर सोडलेले तेल आयात केलेल्या कच्च्या तेलापासून शुद्ध केलेले. सोबतच्या चटणीतील टोमॅटो आणि मिरची तेवढी बेटावरची. देशाच्या अन्नव्यवस्थेचे सारे चित्र त्या एका कागदी पुडीत बांधून मिळते.

साखरेच्या बेटाचा इतिहास

ही परिस्थिती निसर्गाने लादलेली आहे, असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. सतराव्या शतकात डच लोक आले तेव्हा बेटावर माणसांची वस्ती नव्हती. डच गव्हर्नर आद्रियान व्हान डर स्टेल याने १६३९ मध्ये जावा बेटावरून ऊस आणला. (त्याच सुमारास त्याने हरणेही आणली. त्यांचे वंशज आज मांसासाठी पाळले जातात. मॉरिशसच्या ताटातील अस्सल स्थानिक मांस म्हणावे असे ते बहुधा तेवढेच.) पुढे फ्रेंचांनी कसाव्याची लागवड सुरू केली ती प्रामुख्याने गुलामांना खाऊ घालण्यासाठी. १८१० मध्ये बेट ब्रिटिशांच्या ताब्यात गेले आणि ब्रिटनची बाजारपेठ खुली होताच उसाने इतर सर्व पिकांना मागे सारले.

गुलामगिरी १८३५ मध्ये संपली आणि उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर नेण्यास आरंभ झाला. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर या बेटावर उतरले. कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबई बंदरातूनही जहाजे सुटत. कोकण आणि आसपासच्या भागांतून गेलेल्या मजुरांच्या वंशजांमुळेच मॉरिशसमध्ये आजही मराठी भाषा शिकवली जाते. या मजुरांबरोबर तांदळाची सवय गेली. बेटावर भाताची शेती नव्हती. तेव्हा तांदूळ भारतातून आणि ब्रह्मदेशातून जहाजाने येऊ लागला. साखर बाहेर जाणार आणि तांदूळ आत येणार, हा व्यवहार त्या काळात ठरला आणि त्याच्याभोवतीच बेटाची सारी अर्थव्यवस्था उभी राहिली.

उसाला आणखी एक कारण होते आणि त्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. मॉरिशस चक्रीवादळांच्या मार्गात आहे. वादळात भाजीपाला, केळी, मका सारे काही एका रात्रीत जमीनदोस्त होते. ऊस आडवा पडतो, परंतु मुळाशी जिवंत राहतो आणि पुन्हा फुटतो. एकदा लावलेल्या उसाचे खोडवे वर्षानुवर्षे घेता येते. शिवाय ही जमीन ज्वालामुखीच्या बेसाल्ट दगडाने भरलेली. उसाच्या फडांमध्ये पूर्वी वेचून रचलेल्या काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग आजही दिसतात. योगायोगाची गोष्ट अशी की, ज्या भूगर्भीय उष्ण स्रोतातून हे बेट वर आले, त्याच स्रोताने कोट्यवधी वर्षांपूर्वी दख्खनचे पठार घडवले, असे भूशास्त्रज्ञ मानतात. या खडकाळ भूमीत नांगराला वाव कमी आणि हाताने लावलेल्या उसाला अधिक होता.

एका पिकावर विसंबण्याचा धोका दुसऱ्या महायुद्धात प्रथम ठळकपणे दिसून आला. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश जिंकला आणि तेथून येणारा तांदूळ बंद झाला. तेव्हा वसाहतीच्या सरकारने मळेवाल्यांवर सक्ती करून उसाखालील काही जमिनीवर मका, कसावा आणि रताळी लावण्यास भाग पाडले. युद्ध संपले, जहाजे पुन्हा सुरू झाली आणि ती सारी जमीन परत उसाकडे गेली. त्या काळातील कसाव्याच्या आणि मक्याच्या जेवणाच्या आठवणी कटूच होत्या. त्यामुळे स्वावलंबन या शब्दालाच तेथे टंचाईचा वास चिकटला असावा.

युरोपचा दर आणि त्याचा अंत

मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाला तेव्हा देशाच्या निर्यातीपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उत्पन्न एकट्या साखरेचे होते आणि बेटावर २१ साखर कारखाने चालू होते. १९७३ मध्ये साखरेचे उत्पादन सात लाख टनांच्या पुढे गेले. हा विक्रम पुन्हा कधीही मोडला गेला नाही. १९७५ मध्ये युरोपीय समुदाय आणि आफ्रिका, कॅरिबियन व प्रशांत महासागरातील देश यांच्यात लोमे करार झाला आणि त्यातील साखरविषयक तरतुदीने मॉरिशसला सर्वांत मोठा वाटा मिळवून दिला. वर्षाला सुमारे पाच लाख टन साखर युरोप ठरलेल्या दराने घेणार होता आणि तो दर जागतिक बाजारापेक्षा बहुतेक वर्षी दुप्पट किंवा त्याहूनही अधिक असे.

हा हमीभाव मॉरिशसच्या यशोगाथेचा पाया ठरला. या पैशातून शाळा, रुग्णालये आणि वस्त्रोद्योगातील पहिले भांडवल उभे राहिले, याबद्दल अर्थतज्ज्ञांमध्ये फारसे दुमत नाही. परंतु त्याचा दुसरा परिणामही झाला. उसाच्या एका एकरातून युरोपने दिलेल्या दराने जे उत्पन्न मिळे, त्याच्याशी बटाटा, मका किंवा भुईमूग स्पर्धा करू शकत नव्हते. अन्नपिकांना जमीन मिळाली ती उसाच्या कडेकडेने आणि उसाच्या सरींमधून.

सरींमधून हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचा आहे. मॉरिशसने ऊस आणि बटाटा यांची सांगड मोठ्या कौशल्याने घातली होती. नव्याने लावलेल्या उसाच्या दोन ओळींमध्ये बटाट्याचे आंतरपीक घेतले जाई आणि जुना ऊस काढून नवा लावण्यापूर्वीच्या मधल्या काळातही त्या जमिनीवर बटाटा किंवा भाजीपाला येई. साखर संशोधन संस्थेने त्यासाठी योग्य जाती आणि पद्धती शोधल्या. कृषी पणन मंडळ बेणे पुरवी आणि माल विकत घेई. जमीन एक, खत एक, पिके दोन. लहान देशाला शोभणारी ही व्यवस्था होती.

युरोपचा दर मात्र कायम टिकणारा नव्हता. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी युरोपच्या साखर धोरणाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि ते जिंकले. त्यानंतर युरोपीय संघाने २००६ ते २००९ या काळात हा दर टनामागे सुमारे ५२३ युरोंवरून ३३५ युरोंवर आणला, म्हणजे ३६ टक्के कपात केली. २००९ मध्ये साखरेची ती जुनी तरतूदच संपुष्टात आली. २०१७ मध्ये युरोपने स्वतःच्या शेतकऱ्यांवरील बीट साखरेच्या उत्पादनाची मर्यादाही उठवली आणि बाजारात साखरेचा पूर आला. मॉरिशसने कच्च्या साखरेऐवजी शुद्ध आणि खास प्रतीची तपकिरी साखर विकण्याचा मार्ग धरला. उसाच्या चिपाडापासून वीज तयार करून कारखान्यांना जगवले. हे उपाय शहाणपणाचे होते, परंतु घसरण थांबली नाही.

आकडे पुरेसे बोलके आहेत. २१ कारखान्यांपैकी आज तीन उरले आहेत. १९९०च्या दशकात तोडणीचे क्षेत्र ७५ हजार हेक्टरांच्या वर होते. ते आता ४० हजार हेक्टरांच्या खाली गेले आहे. १९६० मध्ये कॅरोल या महाभयंकर चक्रीवादळाने बेट उद्ध्वस्त केले, त्या वर्षी साखरेचे उत्पादन अडीच लाख टनांच्या आत आले होते. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी ते पुन्हा अडीच लाख टनांच्या आतच राहिले आणि या वेळी तसले कोणतेही वादळ आलेले नव्हते.

मोकळ्या जमिनीचे काय झाले?

साध्या हिशेबाने पाहता, उसाखालची निम्मी जमीन मोकळी झाली म्हणजे अन्नधान्याला आणि भाजीपाल्याला तेवढी जागा मिळावयास हवी होती. तसे घडले नाही. मॉरिशसमधील अन्नपिकांचे एकूण उत्पादन वर्षाला एक लाख टनांच्या आसपासच घुटमळत राहिले. उलट बटाट्याच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट झाली. ऊस कमी लावला जाऊ लागला, तशा सरीही कमी झाल्या. यंत्राने तोडणी करण्यासाठी शेते बदलली गेली, तसे आंतरपीक अडचणीचे ठरले. एके काळी बटाट्याच्या बाबतीत जवळजवळ स्वयंपूर्ण असलेल्या देशाला बटाटाही मोठ्या प्रमाणात आयात करावा लागतो. उसाच्या वर्चस्वामुळे अन्नपिके मागे पडली हे जितके खरे, तितकेच उसाच्या पीछेहाटीने त्यांचा एक आधार गेला हेही खरे आहे. साखरेच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी ही बाब बहुधा विचारात घेतलेली नाही.

मग जमीन गेली कोठे? तिचे दोन भाग पडतात. मोठ्या मळ्यांची जमीन प्रामुख्याने बांधकामाकडे वळली. २००२ मध्ये सुरू झालेल्या योजनेनुसार परदेशी नागरिकांना आलिशान बंगले विकत घेण्याची मुभा मिळाली आणि २०१५ पासून ‘स्मार्ट सिटी’ योजनेखाली जुन्या साखर कंपन्यांनी आपल्या शेतजमिनींवर नवी शहरे उभारण्यास सुरुवात केली. साखर कंपनी ही जमीन विकासक कंपनी झाली. तिच्या दृष्टीने पाहिले तर यात चूक काही नाही. जी जमीन उसातून तोटा देते, ती गोल्फ मैदानाच्या शेजारी असल्यास कित्येक पटींनी मोल मिळवते. परंतु एकदा काँक्रीटखाली गेलेली जमीन युद्धकाळातील सक्तीनेही परत शेतीकडे येणार नाही.

दुसरा भाग छोट्या शेतकऱ्यांचा आहे आणि खरे दुखणे तेथे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साखरेचे भाव पडले तेव्हा मळेवाल्यांनी आपल्या कडेच्या जमिनी तुकड्या-तुकड्यांनी विकल्या. त्या विकत घेतल्या काटकसर करून पैसा साठवलेल्या भारतीय मजुरांनी. मजुराचा शेतकरी झाला, शेतकऱ्याचा मुलगा शिक्षक आणि नातू डॉक्टर किंवा मंत्री झाला, ही मॉरिशसमधील हजारो घरांची कहाणी आहे. आज तेच तुकडे वारसांमध्ये विभागले जाऊन इतके लहान झाले आहेत की, तोडणीचा खर्चही निघत नाही. तोडणीला माणसे मिळत नाहीत. वारसांपैकी एखादा लंडनमध्ये, एखादा पोर्ट लुईच्या बँकेत. जमीन पडीक राहते आणि तिच्यावर रान माजते. आजोबांनी घेतलेली जमीन विकण्याचे धाडस होत नाही आणि कसण्याची ताकद राहिलेली नाही, अशा कोंडीत हे क्षेत्र अडकले आहे. सरकारने छोट्या ऊस उत्पादकांना साखरेच्या हमीभावाचा आणि चिपाडासाठी वाढीव मोबदल्याचा आधार दिला, पडीक जमीन पुन्हा लागवडीखाली आणण्यासाठी अर्थसाहाय्यही दिले. त्यातून घसरणीचा वेग कमी झाला असेल, दिशा बदललेली नाही.

या जमिनीवर भाजीपाला का येत नाही, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे एक उत्तर पाण्यात आहे, एक मजुरीत आणि सर्वांत महत्त्वाचे बाजाराच्या आकारात. साडेबारा लाख लोकांच्या बाजारात कोबीचे उत्पादन थोडेसे वाढले तरी भाव कोसळतो. लगतचा दुसरा बाजार नाही, कारण चारही बाजूंना समुद्र आहे. काही महिन्यांनी वादळ किंवा अतिवृष्टी येते आणि तोच कोबी सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर जातो. जानेवारी २०२४ मधील बेलाल चक्रीवादळाने पोर्ट लुईचे रस्ते पाण्याखाली गेले. अशा प्रत्येक तडाख्यानंतर काही आठवडे भाजीबाजार रिकामा दिसणे हे तेथे नेहमीचेच झाले आहे. ही जोखीम टाळण्यासाठी शेतकरी औषध फवारणीचा आधार घेतो आणि हेक्टरी कीटकनाशकांच्या वापरात मॉरिशस जगातील आघाडीच्या देशांत गणला जातो. शेतात राबणारे हात वयस्कर होत चालले आहेत. कारखान्यांप्रमाणे शेतीतही बांगलादेश, नेपाळ, मादागास्कर येथील मजूर दिसू लागले आहेत. गिरमिटियांच्या वंशजांच्या शेतात परदेशी करारबद्ध मजूर, असे हे दृश्य आहे.

स्वयंपूर्णतेचा आभास

सरकारी अहवालांमध्ये कोंबडी आणि अंडी या दोन बाबतींत देश स्वयंपूर्ण असल्याचे अभिमानाने नमूद केलेले असते. ते खरेही आहे. गेल्या चार-पाच दशकांत कुक्कुटपालन हा तेथील शेतीमधील सर्वांत यशस्वी उद्योग ठरला. परंतु कोंबडी जे खाते तो मका आणि सोयाबीन बेटावर पिकत नाही. तोही जहाजानेच येतो. पशुखाद्याचे जहाज महिनाभर उशिरा आले तर ही स्वयंपूर्णता किती दिवस टिकेल, याचे उत्तर कोठारातील साठ्यावर अवलंबून आहे, शेतावर नाही. आकडेवारीत जे अन्न स्थानिक म्हणून नोंदले जाते, त्याचाही मोठा हिस्सा अशा रीतीने आयातीवरच उभा आहे.

दुधाची स्थिती तर याहून बिकट आहे. पूर्वी मजुरांच्या वस्त्यांमध्ये दारात एखादी गाय असे आणि उसाचे वाढे तिचा चारा होई. आज देशात लागणाऱ्या दुधाचा अत्यल्प भाग स्थानिक आहे, बाकी सारे भुकटीच्या रूपाने येते. २०१६ मध्ये रॉड्रिग्ज बेटावर आणि पाठोपाठ मुख्य बेटावर लाळ्या खुरकूत रोगाची साथ आली. लस बाहेरून मागवावी लागली, जनावरे मारावी लागली आणि आधीच मोजके उरलेले पशुपालक आणखी खचले. रॉड्रिग्ज हे मॉरिशसचेच छोटे बेट. मुख्य बेटाला ते गुरे, शेळ्या, लाल घेवडा आणि मिरची पुरवत आले आहे. ती वाटही त्या वेळी बंद झाली.

समुद्राकडे पाहावे तर तेथे विपुलता आहे, पण ती देशाच्या ताटात थेट येत नाही. मॉरिशसचे सागरी क्षेत्र सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे जमिनीच्या हजारपटींहून अधिक आहे. पोर्ट लुईमध्ये ट्यूना माशांवर प्रक्रिया करणारे मोठे कारखाने आहेत, परंतु मासे पकडणारी जहाजे मुख्यतः युरोपीय मालकीची आणि डबाबंद माल युरोपच्या बाजारासाठी. स्थानिक मच्छीमार होडी घेऊन प्रवाळ भिंतीच्या आतील उथळ पाण्यात जातो आणि तेथील मासा अतिमासेमारीने केव्हाच कमी झाला आहे. २५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ हे जपानी मालकीचे जहाज आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळावर आदळले आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे एक हजार टन इंधन तेल समुद्रात पसरले. त्या भागात मासेमारी बंद करावी लागली. तेल अडवण्यासाठी हजारो नागरिकांनी कापडी पिशव्यांमध्ये उसाचे पाचट भरून तरंगते बांध तयार केले. साखरेच्या कामी न येणाऱ्या पाचटाने किनारा वाचवण्याचा तो प्रयत्न जगभर पाहिला गेला.

त्याच वर्षी कोरोनाची साथ आली होती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीबरोबर काही दिवस सुपरमार्केट आणि बेकऱ्याही बंद ठेवण्यात आल्या. २ एप्रिलपासून दुकाने उघडली ती आडनावाच्या आद्याक्षरानुसार: प्रत्येकाला आठवड्यातील ठरावीक दोनच दिवस. जहाजे थांबली नव्हती, धान्याचा साठाही होता. परंतु रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला अन्न कोठून येते, हा प्रश्न पूर्वी कधी पडला नसेल एवढ्या तीव्रतेने त्या दिवसांत पडला. अंगणात आणि गच्चीवर भाज्या लावण्याची लाट आली. पर्यटन ठप्प झाले, परकीय चलनाची आवक आटली आणि डॉलरच्या तुलनेत मॉरिशसचा रुपया लक्षणीय घसरला. युक्रेन युद्धानंतर धान्य, तेल आणि जहाजभाडे महागले. २०२२ मध्ये महागाईचा दर दहा टक्क्यांच्या वर गेला आणि त्या वर्षी एप्रिलमध्ये इंधन व गॅसच्या दरवाढीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. एरवी शांत समजल्या जाणाऱ्या या देशात असे दृश्य क्वचितच दिसते.

असे संकट नवे नाही आणि त्यावरची घोषणाही नवी नाही. २००८ मध्ये जगभर तांदळाचे भाव भडकले तेव्हा मॉरिशसने अन्नसुरक्षा निधी स्थापन केला. त्यापाठोपाठ मोझांबिकमध्ये सुमारे २० हजार हेक्टर जमीन घेऊन तेथे स्वतःसाठी धान्य पिकवण्याची महत्त्वाकांक्षी योजना मांडण्यात आली. स्वतःच्या देशात उसाची तेवढीच जमीन पडीक होत असताना समुद्रापलीकडे शेती करण्याचा हा विचार वरकरणी विसंगत वाटतो. पण त्यामागे हिशेब होता. भात आणि मका यांना सलग, सपाट, पाणीदार जमीन लागते आणि ती मॉरिशसमध्ये नाही. योजनेतून पोर्ट लुईच्या बाजाराला दिसावे इतके धान्य मात्र कधी आले नाही. संकट ओसरले की भाव उतरतात आणि आयात पुन्हा स्वस्त वाटू लागते, हा १९४५ नंतरचा अनुभव २००८ नंतरही आला.

या सर्व पार्श्वभूमीवर संपूर्ण स्वयंपूर्णतेची भाषा करण्यात अर्थ नाही. गोव्याच्या निम्म्या आकाराचे वादळी बेट आपला तांदूळ पिकवणार नाही आणि त्याने तसा हट्ट धरूही नये. जे साध्य आहे ते मर्यादित आहे: बटाटा, कांदा, लसूण, डाळवर्गीय काही पिके, थोडे दूध आणि ताज्या भाज्यांचा वर्षभर टिकणारा पुरवठा. त्यासाठी लागणारी जमीन पडीक जमिनीच्या छोट्याशा हिश्श्यात मावेल. अडचण मालकीची आहे. विखुरलेले तुकडे एकत्र करून भाडेपट्ट्याने देण्याची व्यवस्था झाल्याशिवाय तरुण शेतकऱ्याला जमीन मिळणार नाही आणि बंगल्यांच्या भावाशी कोबीची स्पर्धा लावली तर कोबी प्रत्येक वेळी हरणार आहे. शेतजमिनीचे बिगरशेती रूपांतर रोखण्याचा निर्णय कोणत्याही सरकारला राजकीयदृष्ट्या सोपा नाही, कारण त्याच रूपांतरातून रोजगार आणि परकीय चलन येते.

उरलेल्या गरजेसाठी, विशेषतः तांदूळ आणि कांद्यासाठी, मॉरिशसची नजर भारताकडे राहील. जुलै २०२३ मध्ये भारताने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, तेव्हा ऑगस्टअखेर मॉरिशससाठी १४ हजार टनांची खास परवानगी देण्यात आली. ती बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली. कांद्याच्या बाबतीत एप्रिल २०२४ मध्ये सहा देशांसाठी ९९,१५० टनांची मुभा जाहीर झाली, त्यात मॉरिशसचा पुन्हा समावेश होता. मे महिन्यात बंदीच मागे घेतली गेली. भारताने शब्द राखला, यात शंका नाही. पण मालदीवसाठी १९८१च्या करारानुसार जीवनावश्यक वस्तूंचा कोटा दरवर्षी ठरतो आणि बंदीच्या काळातही तो लागू राहतो. मॉरिशसला मात्र या दोन्ही प्रसंगी स्वतंत्र निर्णयाची वाट पाहावी लागली. २०२१ पासून उभय देशांमध्ये सर्वसमावेशक आर्थिक सहकार्याचा करार अमलात आहे आणि त्यात मॉरिशसच्या खास साखरेला भारतीय बाजारात सवलत मिळाली आहे. साखरेच्या बदल्यात धान्याची हमी मागण्यास त्यामुळे जागा निर्माण झाली आहे.

नाशिकच्या कांदा उत्पादकाला या हमीत स्वारस्य असण्यास कारण आहे. बंदीच्या काळात भाव पडतात ते निर्यातीची दारे एकाएकी बंद होतात म्हणून. आधीच बांधून ठेवलेली छोटी-छोटी परदेशी मागणी, मग ती वर्षाला काही हजार टनांचीच का असेना, त्याला दर टिकवण्यास थोडाफार आधार देते आणि खरेदीदारालाही निश्चिंती देते. मॉरिशसचा ऊसतोडणीचा हंगाम साधारण जून ते डिसेंबर असा चालतो. उरलेल्या तीन कारखान्यांना पुरेसा ऊस मिळत राहावा यासाठी गाळपाची किमान पातळी टिकवणे दर हंगामात कठीण होत चालले आहे. त्यांपैकी आणखी एक बंद पडला तर त्याच्या परिसरातील शेतकऱ्याला ऊस बेटाच्या दुसऱ्या टोकाला न्यावा लागेल आणि वाहतुकीचा तो खर्च न परवडल्यास आणखी काही हजार हेक्टर जमीन पडीक होईल.